रंध्याच्या चालीचा दुसरा भाग

आप्पा,

दोन वर्षांपूर्वी मी इथल्या लोकांना सांगितलं, की ही चाल तुम्ही मला अख्खी शिकवलीत, दोन्ही भाग. ती चूक आहे. तुम्ही पहिला भाग शिकवलात. दुसरा मी रचला आणि तुमच्या नावावर खपवला. चूक म्हणणंही बरोबर नाही, कारण चूक नकळत होते. मला कळत होतं. ऑफिसात माझं कामच हे आहे, की ड्रॉइंग बदललं की जुन्या प्रतीवर रद्दचा शिक्का मारायचा, म्हणजे साइटवर कोणी चुकीच्या कागदावरून भिंत बांधू नये. दिवसाला चाळीस-पन्नास शिक्के मारते. ही एक प्रत मात्र दोन वर्षं तशीच फिरते आहे.

कोणते लोक, ते सांगते. जुमेरा लेक टॉवर्समध्ये, माझ्या ऑफिसपासून दोन टॉवर सोडून, एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका राहतात. दर शनिवारी पाच वाजता त्यांच्याकडे आम्ही सात-आठ जण जमतो. दोन फिडल, एक गिटार, आणि बँजोवर त्या आणि मी. त्यांच्या देशातल्या डोंगराळ भागातल्या जुन्या नाचाच्या चाली वाजवतो. ओल्ड-टाइम म्हणतात त्याला. समोर कागद नसतो, कानानेच उचलायचं. आणि एक रीत आहे. चाल सुरू करायच्या आधी ती कोणाकडून घेतली ते सांगायचं. माणूस मेलेला असला तरी सांगायचं, मेलेला असला तर जरूर सांगायचं. मी तिथे पहिल्यांदा गेले त्या दिवशी बाई म्हणाल्या, "यल्ला, आता तुझी पाळी." तीस वर्षं गल्फमध्ये काढल्यावर त्यांच्याही तोंडात हे अरबी यल्ला, म्हणजे चल, बसलं आहे. मी म्हटलं, "ही माझ्या वडिलांकडून. त्यांनी एका अमेरिकन म्हाताऱ्याकडून घेतली." आणि वाजवली. या चालींना दोन भाग असतात, एक खालच्या सुरांचा, एक वरच्या, प्रत्येक दोनदा. एकच भाग वाजवून थांबलं तर सगळे मान वर करून बघतात, जेवताना ताटात भात आलाच नाही तसे. म्हणून मी माझा दुसरा भाग वाजवला. बाईंचे डोळे भरून आले. "दोन्ही भाग वडिलांकडून?" त्यांनी विचारलं. मी "यस" म्हटलं. एवढंच.

आता इथून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनमधलं तुमचं सुतारकामाचं वर्कशॉप. तुमच्या लक्षात असेल तसं नसेल माझ्या लक्षात, मी नऊ वर्षांची होते. पत्र्याचं छप्पर, पंख्याखाली उडणारा भुसा, मागच्या बाजूला आपली खोली, आणि दाराशी गाडी लावून आत येणारा तो उंच म्हातारा, हातात चादरीत गुंडाळलेला बँजो. मान मोडलेली. दुरुस्तीला टाकून तो आठवडाभर गेला. तुम्ही बघता तर चार तारा वर डोक्यापर्यंत जातात आणि पाचवी मधेच, मानेच्या कडेला, एका खुंटीवर संपते. "कुणा येड्यानं आखूड लावलीय," असं म्हणून तुम्ही मान सांधलीत, ती कडेची खुंटी काढलीत, भोक बुजवलंत, आणि डोक्यावर पाचवं भोक पाडून तार नीट लांब करून दिलीत. सुताराला शोभेल असं चोख काम. म्हातारा शुक्रवारी आला, बघितलं, आणि हसत हसत लाकडाच्या ढिगावर बसला. ती तार आखूडच असते, तो म्हणाला, अंगठ्यासाठी असते. त्याच दिवशी डोक्यावरचं भोक सागाच्या गोल तुकड्याने बुजवलंत, खुंटी परत कडेला आणलीत आणि पैसे घेतले नाहीत. म्हातारा म्हणाला, मग मी तुला वाजवायला शिकवतो.

चार वर्षं शुक्रवारी तो येत राहिला. गावाकडच्या बेंजोला बटणं असतात, याला काहीच नाही, म्हणून तुम्ही सुरुवातीला कुरकुरलात. मग हात बसला. पंजा वाकवायचा, नखाच्या पाठीने तार खाली मारायची आणि त्या मागोमाग अंगठा आखूड तारेवर. या पद्धतीला तो क्लॉहॅमर म्हणायचा. तुम्ही म्हणालात, हे तर लाकूड तासायला वाकस चालवल्यासारखं आहे. या चालीला नाव नव्हतं, त्याच्या आजीकडून आलेली. तुम्ही रंध्याची चाल म्हणू लागलात, कारण पहिला भाग खरंच लांब फळीवर रंधा मारल्यासारखा पुढे जातो आणि मागे येतो. कायमचा आपल्या देशी परत जाताना तो तुम्हाला बँजो देऊन गेला. माझं नख मऊ होतं, सारखं मोडायचं, तर तुम्ही लॅमिनेटच्या कपचीतून माझ्या बोटाच्या मापाची नखी कापलीत, कडा पॉलिश पेपरने घासून घासून गोल केल्यात आणि तोंडात धरून बघितलंत, टोचते का. ती अजून माझ्याकडे आहे.

पुढचं लिहायला मी तीन दिवस टाळते आहे.

मी तेरा वर्षांची. पहिला भाग मला आला आहे, आणि तो विसरू नये म्हणून मी वहीत सा रे ग म मध्ये लिहून काढते आहे. आपल्या घरात वही आणि पेन माझ्यामुळे आलं. गावाकडची पत्रं, बँकेचा फॉर्म, लेबर कार्ड, सगळं मीच वाचून दाखवायचे. तुम्ही हात पुसत आलात आणि वही मिटलीत. "लिवलं की कान झोपतो. कानात ठिव. उद्या दुसरा भाग घिऊ. रंधा झाला, आता पॉलिश तेवढं राहिलं." मला वही मिटल्याचा राग आला. तुम्हाला कळू नये म्हणून मी इंग्रजीत म्हणाले, "यू कान्ट ईव्हन रीड." चार वर्षं एका अमेरिकन माणसाशेजारी बसलेल्याला एवढं इंग्रजी कळत असेल, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही. तुम्ही नखी उचलून माझ्या कंपासपेटीत ठेवलीत आणि बाहेर गेलात.

इथेही एक दुरुस्ती. मी स्वतःला नेहमी सांगते, की त्यानंतर तुम्ही शिकवायचं बंद केलंत. तसं नाही. पुढच्या शुक्रवारी तुम्ही दारातून विचारलंत, "पॉलिश घ्यायचं का?" मी म्हणाले परीक्षा आहे. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी विचारलंत. परीक्षा संपली होती. मी म्हणाले, परीक्षा आहे. तिसऱ्या शुक्रवारी तुम्ही नव्हता. वर्कशॉपमध्ये छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत खलास, असं तुमच्या सोबतच्या मिस्त्रीने आईला सांगितलं, तोच शब्द वापरून. महिन्याभरात आपला व्हिसा संपला. आई आणि मी गावी गेलो, कपड्यांच्या दोन बॅगा आणि चादरीतला बँजो घेऊन. गावी एकटीने वाजवताना पहिला भाग नुसता गोल फिरत राहायचा, उतरायला जागाच नाही. तिथे, कॉलेजच्या वर्षांत, मी दुसरा भाग रचला. तेव्हा त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक नंतर, नोकरीसाठी पुन्हा इकडे आल्यावर, त्या "यस"मध्ये झाली.

आता काय झालं ते. बाईंनी गेल्या महिन्यात आमचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. चार दिवसांपूर्वी त्यांना अल रीम आयलंडवरून एका अमेरिकन मुलीचा मेसेज आला, ती तिथल्या शाळेत शिकवते. तिने बँजोच्या डोक्यावरचा तो सागाचा गोल तुकडा ओळखला. तिचे आजोबा मरेपर्यंत ती गोष्ट सांगत हसायचे, पाचवी तार लांब करणाऱ्या सुताराची. तिच्याकडे आजोबांच्या कॅसेटी आहेत. एकीवर, ती लिहिते, तो सुतार स्वतः वाजवतो, दोन्ही भाग, मागे करवत चालू आहे. येत्या शनिवारी ती कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन येणार आहे. बाईंनी मला तो मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, तुझे वडील पुन्हा भेटतील.

त्या दिवशी ऑफिसात मी एका ड्रॉइंगवर दोनदा शिक्का मारला. लिफ्टचा दरवाजा उघडला की वाटतं, ती मुलगी आजच आली. बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, कॅसेट दुसऱ्या भागावर येईल आणि त्या माझ्याकडे बघतील तेव्हाचा. ती सात-आठ माणसं सोडून या शहरात मला ओळखणारं कोणी नाही. ताप आल्याचं कळवायचं असं मी ठरवलं, मेसेज लिहून ठेवला, आणि आईला फोन केला.

"आगं, त्यास्नी काय कळतंय अर्धी का पुरी? गप वाजीव आन् घरला जा."

"आई, कॅसेट आहे. आप्पांनी वाजवलेली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आईने गॅस बंद केला.

"बोलत्यात का गं त्यात?"

"माहीत नाही."

"बोलत्याल. गप वाजवायचा मानूस न्हवं त्यो. मला फोनवर ऐकीव. शुक्रवारी संकष्टी हाय, शनिवारी मी मोकळीच हाय."

म्हणजे तापाचा मेसेज रद्द. तुमच्या बायकोने माझी पळवाट बुजवली, तुमच्यासारखीच, चोख.

मी बोलायची तयारी करते आहे. इंग्रजीत चार वाक्यं. वहीत लिहिली, मग तुमची आठवण होऊन कागद उलटा ठेवला आणि तोंडपाठ केली. चौथं वाक्य मला अजून म्हणता येत नाही, त्यात तुम्ही दोनदा विचारल्याचं आहे.

पण आप्पा, खरी भीती ही नाही. माझं खोटं उघडं पडलं तर लाज वाटेल, शनिवारच्या बैठकीतून बाहेर काढतील, कदाचित काढणारही नाहीत. ते मला सोसेल. रोज संध्याकाळी मी माझा दुसरा भाग वाजवते आणि तो मला आवडतो. तो माझ्या अंगठ्यात बसला आहे. आणि मला धास्ती आहे, की शनिवारी तुमचा खरा भाग सुरू होईल, करवतीच्या आवाजातून, आणि मला वाटेल, हा परका आहे. माझाच बरा होता. तुमचा हात ऐकताना मला असं वाटलं तर काय करायचं, हे मला कोणत्याही वहीत सापडलेलं नाही.

तुम्हाला येणारं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचे. हे दाखवायला कुठे येऊ? बँजोच्या पेटीत, नखीच्या खाली ठेवते. एक कबूल करते, तुमच्या पत्रांतलीही वाईट बातमी मी कधी कधी गाळायचे. यातलं काही गाळलेलं नाही.

आज मंगळवार. शनिवारी पाच वाजता, ती मुलगी टेपचं बटण दाबायच्या आधी, मी बोलणार आहे.