बियाण्याची झडती

बाबा, आज तुम्ही समोर असता तर मी तुमच्याशी कडाडून भांडले असते. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत तुमच्या आठवणीनं मी रडले, तुमच्या बोलण्याच्या नकला करून हसलेही, पण असा राग कधी आला नव्हता. रविवारी आला. मी ओट्याशी बोंबील साफ करत होते, दोन्ही हात बरबटलेले, आणि तुमच्या नातीचा फोन आला. तुम्ही तिला फ्रॉकमध्ये पाहिलीत. ती आता चोवीस वर्षांची आहे, दोन वर्षं झाली केंद्राच्या सशस्त्र दलात आहे, आणि सध्या तिची तुकडी एका डोंगराळ जिल्ह्यात आहे, तुमची होती तशीच. डोंगर वेगळे, जंगलातून बंदुका घेऊन फिरणारी संघटनाही वेगळी. गावाची झडती घ्यायची तर घराघरात बायका असतात, म्हणून या मुलींना पुढे घालतात. मी कोपरानं स्पीकर लावला तर पोरगी आनंदानं नुसती उसळत होती. "आई, सॉलिड झालं काल! अख्खं गाव शोधलं, काहीच मिळेना. मग मी साहेबांना आजोबांची आयडिया सांगितली. म्हटलं, सर, शेतकरी सगळ्यात जास्त काय जपतो? बियाणं. तिकडे बघा. सगळ्या घरांतलं बियाणं अंगणात ओतायला लावलं." मी विचारलं, काही मिळालं का. "नाही गं, पण साहेब म्हणाले, लडकी में दिमाग है."

माझ्या हातातला बोंबील तसाच राहिला.

आपल्या घरात बियाणं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू? चांदीपच्या आपल्या गावच्या घरात मधल्या खोलीत ती बियाण्याच्या भाताची, शेणानं लिंपलेली कणगी. शेतातल्या मधल्या भागातल्या लोंब्या आजी स्वतः वेगळ्या कापायची, वेगळ्या झोडायची, लवकर पिकणारं हळवं भात वेगळं, उशिरा पिकणारं गरवं वेगळं. पायात चप्पल घालून कोणी त्या खोलीत गेलं तर आजी घर डोक्यावर घ्यायची. घरात खायला नसेल त्या दिवशी पेजेत पाणी वाढायचं, पण त्या कणगीचं तोंड रोपांसाठी राब पेरायच्या दिवसाआधी उघडायचं नाही. मी दहा वर्षांची असताना कोंबड्यांना टाकायला त्यातलं मूठभर भात काढलं होतं. तुम्ही सुट्टीवर आला होतात. तुम्ही मला अशी थोबाडीत दिलीत की कानात शिट्टी वाजत राहिली. आयुष्यात एकदाच मारलंत मला, आणि मग स्वतःच दिवसभर बांधावर जाऊन बसलात, जेवायलाही आला नाहीत. आई मला पदरानं पुसत म्हणाली, "मनावर नको घेऊ. या टायमाला आलेत तवापासून असेच हायेत ते. कोनाशी बोलत नायत." मी कित्येक वर्षं समजत होते की ती थोबाडीत त्या मूठभर भाताची होती.

नातीला मात्र तुम्ही गोष्ट सांगायचात. शाळेला सुट्टी लागली की ती चांदीपला यायची आणि तुमच्या मागे लागायची, आजोबा, कणगीची गोष्ट. मग तुम्ही तुमची तुकडी, ते डोंगरातलं गाव, लपवलेली हत्यारं, सगळं रंगवून सांगायचात. साहेबांना सापडत नव्हतं ते एका शेतकऱ्याच्या पोरानं कसं शोधलं, कणगीत हात घातला आणि रायफल कशी वर काढली. पोरगी टाळ्या पिटायची. साहेबानं दिलेलं शाबासकीचं पत्र फ्रेम करून ओटीवर देवांच्या शेजारी लावलेलं, त्याच्याकडे बोट दाखवून गोष्ट संपायची. तिला गणवेशाचं वेड लागलं ते तिथे. भरतीच्या वेळी तिनं त्या फ्रेमला नमस्कार केला आणि मी शेजारी उभी राहून तिचा फोटो काढला.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या मे महिन्यात मी चांदीपच्या स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडत होते. पोरगी गोष्ट ऐकून नुकतीच बाहेर पळाली होती. मी सहज विचारलं, "बाबा, कणगीत रायफल मावली कशी हो?" तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "रायफल नव्हती," म्हणालात. "कायच नव्हतं. भात होतं."

मग तुम्ही बोलत राहिलात आणि मी तेच तेच तांदूळ पुन्हा पुन्हा पाखडत राहिले. त्या गावातली दोन पोरं जंगलात गेलेली, एवढीच खबर होती. साहेब वैतागलेला, सकाळपासून घरं उपसून काही मिळालं नव्हतं. "मीच पुढे झालो. कोनी सांगितलं नव्हतं. म्हटलं, सर, बियान्यात बघा, तिथं हे लोक आपल्याला हात लावू देनार नाहीत." आणि खरंच लोक हात लावू देत नव्हते, म्हणून साहेबाची खात्रीच पटली. प्रत्येक घरातलं बियाणं शाळेच्या पटांगणात आणून एकाच ढिगात ओतलं. त्यावरून बूट फिरले. हत्यार सोडा, एक खिळा निघाला नाही. तेव्हा साहेब म्हणाला, हे जंगलात जाणारं रेशन आहे, आणि ते भात गोण्यांत भरून ट्रकात चढवायला लावलं. शाबासकीचं ते पत्र त्याच जप्तीचं. एक म्हातारी त्या ढिगापाशी बसून दाणे निवडायला लागली होती. जवान हसत होते, कारण दाण्यासारखा दाणा, ती काय निवडणार? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तिला तिचं वळखू येत होतं. मलापन येत होतं. हळवं कुठलं, गरवं कुठलं. मी गोनी धरून उभा होतो."

माझा राग त्या ठिकाणी आहे, बाबा. शहरात वाढलेल्या साहेबाला ते सुचलंच नसतं. त्याला कणगी म्हणजे एक मोठी टोपली. त्या चाळीसेक घरांच्या काळजाला नेमका हात कुठे घालायचा, हे फक्त आपल्यासारख्या घरातल्या माणसालाच कळणार होतं, आणि तुम्ही ते सांगितलंत. आजीनं तुम्हाला शिकवलेलं शहाणपण तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी आजीवर चालवलंत. कशासाठी? साहेबानं मान डोलवावी म्हणून.

पुढचं तुम्ही सांगितलंत ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "त्याच्या आधी ते जंगलवाले गावात आले की लोक दारं लावून घ्यायचे. तांदूळ मागायचे, पोरं मागायचे. गावच्या पाटलाला त्यांनीच मारलेला. कोनाला नको होते ते. आमी भात उचलून नेलं आनि पेरनीच्या आधी त्यांनी गावात बियानं पाठवलं. कुठनं लुटून आनलं देव जाने. घरटी एक पायली दिली, नि घरटी एक पोर नेला. या खेपेला दारं कोनी लावली नाहीत." दोन पोरांच्या शोधात गेलात आणि अख्खं गाव त्यांच्या पदरात टाकून आलात. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर तुमचा ट्रक उडाला. तिघं गेले, त्यात तुमच्या ताटात जेवणारा तुमचा साताऱ्याकडचा दोस्त. त्या स्फोटानंतर पकडलेल्यांपैकी एकाला तुम्ही ओळखलंत. झडतीच्या दिवशी तो म्हातारीच्या मागे उभा होता. हे सांगून झाल्यावर तुम्ही चहा तसाच टाकून उठलात आणि म्हणालात, "तिला नको सांगू. लहान हाय." मी हो म्हणून मान हलवली.

तुम्ही फ्रेम काढली नाहीत. मला वाटलं होतं, इतकं बोललात तर निदान ती फ्रेम उतरवाल.

आता इथे विरारला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एकेक सेनापती उगवतो. तळमजल्यावरचे निवृत्त काका काल लिहितात, लष्कर घाला, आठ दिवसांत सगळं साफ होईल. ज्यांना आठ दिवस टँकरवाल्याशी भांडून दोन बादल्या जास्त पाणी मिळवता येत नाही, ते डोंगर साफ करायला निघालेत. त्यांच्या त्या मेसेजखाली तिरंगे, टाळ्या, आणि माझं नाव घालून जोडलेले हात, कारण माझी मुलगी तिकडे आहे म्हणून सगळे माझा मान ठेवतात. मला ओरडून सांगावंसं वाटतं की मी त्या जंगलवाल्यांची वकील नाही. त्यांनी पाटलाला मारलं, गावाला ओरबाडलं, उद्या माझ्या मुलीच्या गाडीखाली सुरुंग पेरणारे तेच आहेत. म्हणून तर माझा जीव टांगणीला लागलाय! त्यांना माणसं कमी पडत होती, आणि ती कोण पुरवतंय? गेल्या शनिवारी अंगणात ओतलेल्या त्या भातापुढे कोणीतरी उभं राहून माझ्या मुलीचा चेहरा नीट बघून ठेवला असेल. तिनं हसत सांगितलेली ती आयडिया तिच्याच तुकडीवर फिरून येणार आहे, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. तुम्हाला होता. मला होता.

मला लिहायला हवं ते अजून लिहिलंच नाही. रविवारी फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "आई, आजोबांना कणगीत रायफल मिळाली होती ना? साहेब विचारत होते, हे खरं की पोराटोरांना सांगायची गोष्ट? गुरुवारी पुढच्या गावात जायचंय, तिथेही असंच करायचं म्हणतात." तिचा आवाज इतका खूश होता, बाबा. मागे कोणीतरी तिला हाका मारत होतं. आणि मला एकदम तुमची ती ओटीवरची फ्रेम दिसली, तिचा टाळ्या पिटणारा चेहरा दिसला, आणि वाटलं, हे आत्ता कसं सांगायचं, स्पीकरवर, हाताला माशांचा वास असताना. मी म्हणाले, "हो. रायफलच होती."

आज बुधवार. तिच्या कॅम्पवर रेंज फक्त एका टेकाडावर येते आणि मुलींना तिथे दिवसातून एकदाच, अकरा ते बारा सोडतात. उद्या सकाळी ते निघणार. म्हणून मी कामणच्या गोदामातून रजा घेतली, अकराला पाच कमी असताना फोन समोर ठेवला, आणि काय बोलायचं ते आधी कागदावर उतरवावं म्हणून ही वही ओढली. पहिला शब्द लिहिला तो 'बाबा' असा लिहिला गेला. तुमच्याशी भांडणं सोपं आहे, तुम्ही उलटून विचारत नाही की मग तू इतकी वर्षं गप्प का बसलीस. ती विचारेल. मध्ये एकदा फोन वाजला, तिचाच होता. मी हे वाक्य पुरं करून उचलते म्हटलं, आणि तो वाजून बंद झाला. आता बारा वाजून वीस मिनिटं झाली आहेत.