लॉरेल हिलने दिलेली मिनिटे

प्रिय ओडेसा ल्युसिल प्रॅदर,

पूर्ण नाव लिहिले म्हणून हसू नकोस. लग्नापूर्वीच्या पत्रांतही मी असेच लिहीत असे, आणि तू ती बहिणीला दाखवून विचारायचीस, “हा मला नोटीस पाठवतोय की प्रेमपत्र?” आज नोटीसच समज, मात्र ती आनंदाची आहे. शाळांच्या हद्दीची रेषा गेली, ओडेसा! काल संध्याकाळी शिक्षण मंडळाने केवळ एका मताच्या फरकाने ती रद्द केली. माझे अक्षर आज वाकडे येत असेल, तर त्याचा दोष वयाला देऊ नकोस.

पीकन रस्त्याच्या मधोमध जाणाऱ्या त्या रेषेने आपला किती संसार व्यापला होता! अलीकडे गोऱ्यांची घरे आणि त्यांत काळ्यांचे एकच, आपले. पलीकडे सगळी काळी कुटुंबे. पलीकडची मुले लॉरेल हिल शाळेच्या मैदानावरून बसने पुढे नेली जात आणि थेट तुझ्या क्रॉफर्ड शाळेत सोडली जात. तेथे पाऊस आला की तुझ्या वर्गात मुलांच्या आधी बादल्या जागा धरून बसत. कर सारेच भरत. दुरुस्तीचा निधी मात्र ज्यांचा आवाज मोठा, त्यांच्याकडे वळे. लॉरेल हिलचे पालक देणगीसाठीच्या एकाच लिलावातून मुलांना खेळायला चढाईची भिंत उभारीत. क्रॉफर्डचे पालक केक विकून छपाईचा कागद आणीत. तुझी मागणी साधी होती: दोन्ही बाजूंची लहान मुले क्रॉफर्डमध्ये, मोठी लॉरेल हिलमध्ये, आणि मधली रेषा रद्द. त्या मागणीसाठी तू सभांना जात होतीस आणि मी मागच्या रांगेत तुझा कोट मांडीवर घेऊन बसत होतो.

तुला कोपऱ्यावरच्या घरातला टॉड हॅलोरन आठवत असेल, लॉरेल हिल पालक संघाचा अध्यक्ष. तुझ्या अंत्यविधीला न आलेला हा गृहस्थ गेल्या आठवड्यात चीज घालून भाजलेल्या नूडल्सचे भांडे घेऊन दारात उभा राहिला. “प्रॅदरसाहेब, अख्ख्या गल्लीला कुंपणाची उंची शिकवणारे तुम्ही. नियम, शिस्त, घरांच्या किमती, सगळं तुम्हाला कळतं. आमच्यातलं कुणी बोललं की लगेच रंगाचा विषय निघतो. मंडळाच्या सभेत रेषा राहू द्या म्हणून तुम्ही बोललात, तर...” वाक्य त्याने तेथेच सोडले, पुढचे माझ्या चेहऱ्यावर त्याला दिसत होतेच. शाळेचा विषय तुझ्याबरोबरच संपला, असे त्याने धरले असावे. मी उत्तरलो, “मी आपल्या गल्लीच्या भल्याचेच बोलेन.” तो इतका खूश झाला की माझा हात सोडेना. “मग झालं तर! आमच्या सगळ्यांची मिनिटं तुमची!”

ती मिनिटे म्हणजे काय, हे तुझ्याइतके कोणास ठाऊक? प्रत्येक वक्त्याला तीनच मिनिटे. नाव नोंदवलेला माणूस आपली मिनिटे दुसऱ्याला देऊ शकतो. आणि नोंदणी दुपारीच बंद होते. क्रॉफर्डच्या आया कामावरून सुटून येईपर्यंत यादी भरलेली असे. या वेळीही ती लॉरेल हिलने भरून टाकली होती. मी जन्मभर ग्रंथपाल होतो. मंडळाची नियमावली मी वाचली नसेल, असे टॉडला का वाटावे?

सभागृह खच्चून भरले होते. एकेक जण उठून सांगत होता, “माझा वेळ मिस्टर प्रॅदर यांना.” मागे लट्रीस गेन्स उभी होती, रुग्णालयाच्या गणवेशातच. तिच्या थोरल्या मुलाला तूच वाचायला शिकवलेस. ती शेजारणीला सांगत होती, आणि हळू बोलणे तिला जमत नाही: “बघ गं, ओडेसाबाईंचा नवरा पलटला! बाई कबरीतून उठून येतील आणि त्या टायला धरून ओढत नेतील!” टाय तूच निवडलेला होता. माझे कान तापले.

मी ध्वनिक्षेपकासमोर नाव आणि पत्ता सांगितला. म्हणालो, “माझ्या गल्लीचे भले कशात आहे, हे मला माझ्या पत्नीने शिकवले. ती क्रॉफर्डमध्ये शिकवत होती. पुढचे मी सांगणे योग्य नव्हे. ज्यांना नोंदणीच्या वेळेत येता आले नाही, त्यांनी सांगावे. माझ्याकडची उरलेली सर्व मिनिटे मी श्रीमती लट्रीस गेन्स यांना देतो.”

मग टॉड उभा राहिला. “अहो, ती मिनिटं आमची होती!” अध्यक्षांनी वकिलाकडे पाहिले. वकिलाने पाने उलटली आणि खांदे उडवले. “दिलेली मिनिटं परत घेता येत नाहीत. पुढे देऊ नयेत, असं कुठे लिहिलेलं नाही.” मागून कोणी म्हातारी ओरडली, “आमेन!”

आणि लट्रीस! तू ऐकायला हवी होतीस. “अरे देवा, मला वाटलं आज पण घरी जाऊन नवऱ्यावरच ओरडावं लागणार! ऐका. माझी धाकटी रोज बसमधून तुमच्या झोक्यांना टाटा करते. झोके आता ओळखतात तिला. आणि टॉडभाऊ, घाबरू नका हो, तुमच्या लेकीला आमच्या शाळेत काही होणार नाही. दप्तरात छत्री तेवढी द्या!” सभागृह हसले, लॉरेल हिलच्या बाकांवरही हसू फुटले. मंडळाच्या मिसेस स्टॅनफिल, ज्यांनी तुझ्या विरोधात नेहमी मत दिले, त्याही हसल्या आणि मध्येच थांबल्या. “छत्री? वर्गात?” त्यांनी विचारले. “मॅडम, तुम्ही कधी आलाच नाहीत आमच्याकडे,” लट्रीस म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. ते एक मत मिसेस स्टॅनफिल यांचे होते.

बाहेर गाड्यांपाशी टॉडने मला गाठले. “तुम्ही शब्द मोडलात, प्रॅदरसाहेब.” मी म्हणालो, “पाळला. आणि तुमचे भांडे मी धुऊन ठेवले आहे.” लट्रीसने सर्वांदेखत मला मिठी मारली. मी कोठे पाहावे ते मला कळेना. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

आता छप्पर दुरुस्त होईल, ओडेसा. त्याखाली टॉडची मुलगीही बसणार आहे ना! आणि म्हणूनच हे पत्र. मी ते तुझ्या वर्गात, मुलांच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीशी घेऊन लिहीत आहे. वसंतात तू गेल्यावर मुख्याध्यापिका मिसेस बिब यांनी ही खोली बंद ठेवली आणि तुझे सामान नेण्यासाठी किल्ल्या मला दिल्या. मी त्या तुझ्या हातमोज्यांखाली ठेवल्या होत्या. आज सकाळी त्यांचा फोन आला: “मिस्टर प्रॅदर, सोमवारी छपराची माणसं येतायत. आता खोली लागेल हो.” तू मागितलेले सारे मिळाले आणि त्याच्या बदल्यात ही खोली द्यायची आहे, हे काल हात वर होताना माझ्या लक्षात आले नव्हते. खुर्चीवरचा तुझा स्वेटर मी घडी करून घेतला आहे. फळ्याच्या कोपऱ्यात तुझ्या अक्षरातली तारीख आहे. ती मी पुसणार नाही. नव्या बाईंनी पुसावी, म्हणजे ती शाळेच्या कामात पुसली जाईल. बादल्या घरी नेत आहे. टोमॅटोच्या रोपांना उपयोगी पडतील.

तुझाच, टायसकट,
वेन्डेल

ता. क. दिवे बंद केले, दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या मिसेस बिब यांच्या हाती परत दिल्या.