पेटीत न गेलेला आंबा

पावस, जि. रत्नागिरी
आषाढ, १९३४

मालनच्या बाबांना,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुमच्या मुंबईच्या खोलीत गावाकडचं पत्र एकजण मोठ्याने वाचतो आणि सगळे ऐकतात, हे मला ठाऊक आहे.

यंदा आंब्याच्या पेट्या भरताना पाणी प्यायलाही फुरसत नव्हती. चांगला आंबा मुंबईला जायचा आणि डागी तेवढा आपण खायचा, ही रीत तुम्हीच घालून दिलेली. पण एका दुपारी मी पेट्यांत पेंढा अंथरत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बस गो जरा. पेट्या काय पळून जात नायत."

त्यांनी अढीतला सगळ्यात देखणा आंबा काढला. आम्ही दोघी मागल्या पडवीत पाय पसरून बसलो. माझ्या कोपरापर्यंत रस ओघळला, तशा त्या हसल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "कोय पुरून टाक. कोणाक कळूक नको."

तुम्ही तिकडे गिरणीत घामाने भिजत असाल, हे मला कोय पुरताना आठवलं. आंबा खाताना तुमची आठवणही झाली नाही. तेच मनाला लागून राहिलंय.

आता गोठ्यामागे ती कोय रुजली आहे, तांबूस पानं आलीत. गणपतीला तुम्ही याल आणि विचाराल. म्हणून रोज उपटायला जाते, आणि गुरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटक्या रोवून येते.

तुमच्या घरची,
मालनची आई