तिच्या दंडावरचा पट्टा

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (वाकायला अजून बंदी आहे, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे). तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींनी दाढ काढून घेतली, की अजून दातांच्या डॉक्टरलाच शिकवतायत? इकडे नवं हृदय बसवून आठ महिने झाले आणि ते झकास चाललंय. ज्या घरातून ते आलं त्यांचा पत्ता मला देत नाहीत, पण सकाळी उठलो की आधी त्यांना हात जोडतो, मग चहा.

आता भानगड ऐक. हृदय उत्तम, पण बीपी चढलेलं. शरीराने हे परकं हृदय हाकलून देऊ नये म्हणून ज्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, त्यांनीच बीपी वाढतं म्हणे, आणि असं बहुतेकांचं होतं. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही, असं डॉक्टरीणबाई स्वच्छ म्हणाल्या. ते ऐकून आमच्या हिचं तोंड उतरलं, कारण तीस वर्षं ती सगळं खापर माझ्या स्वभावावरच फोडत आलीय.

मला एकच ध्यास, दुकान उघडायचं. आठ महिने शिलाई मशीनवर चादर पडलीय. बाईंनी बीपीची गोळी सुरू केली आणि अट घातली: रोज सकाळी घरी बीपी मोजायचं, त्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, आणि आकडा बघायचा नाही (बघितला की माझा आणखी चढतो, हे त्यांनी ओळखलं होतं). यंत्र आकडे आपोआप लक्षात ठेवतं. तीन आठवड्यांनी ते घेऊन यायचं, आकडे बरे निघाले तर दुकान.

ताई, मी पडलो शिंपी. कापड कमी पडलं की दुसरीकडून जोड लावायची, ही हाताची सवय. माझ्या बीपीचा मला भरवसा नव्हता, म्हणून मी पट्टा सरळ हिच्या दंडाला बांधायला लागलो. ही घरातली शांत बाजू. दूध उतू गेलं तर आधी गॅस बंद करते, मग बोलते. हिला सांगितलं, की यंत्र नीट चालतं का ते निरोगी माणसावर तपासायचं आहे. हिने मुकाट्याने हात पुढे केला. असे एकवीस दिवस, आणि अट म्हणून आकडा दोघांनीही बघितला नाही.

गेल्या महिन्यात यंत्र घेऊन गेलो. बाईंनी आकडे बघितले, चष्मा काढून पुसला आणि परत बघितले. वरचा एकशे अडुसष्ट, खालचा शंभर, जवळजवळ रोज. मग माझ्या दंडाला पट्टा लावला तर एकशे चौतीस. म्हणाल्या, डॉक्टर दिसला की लोकांचं बीपी चढतं, तुमचं उतरतं कसं? आणि गोळी वाढवायला पेन उचललं. हिचं बीपी उतरवायला मी गोळ्या खाव्यात इतका काही मी थोर नाही. सगळं कबूल केलं. त्यावर बाईंनी जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

हिला आत बोलावलं (ही बाहेर बाकावर माझ्या औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती). पट्टा लावला. एकशे सत्तर. कधीपासून, कुणास ठाऊक, कारण इतके महिने घरात तब्येत बघितली जायची ती फक्त माझी. हिच्या बाहीचं माप मी झोपेतही सांगेन, साडेअकरा इंच. त्या बाहीच्या आत काय चाललंय हे बघायचं मला एकदाही सुचलं नाही. फार लाज वाटली गं.

आणि गंमत अशी, की नव्या हृदयाला जुन्या नसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे बातमी त्याला उशिरा पोचते. खोलीत ते आपल्या चालीने चाललं होतं. बाहेर येऊन बाकावर टेकलो, हिचा हात धरला, आणि मग ते असं धडधडायला लागलं की शर्टाचं बटण हलताना दिसलं. आठ महिन्यांपूर्वी ही कोण, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी घाबरलो होतो, पण बरंही वाटलं.

आता काळजी करू नकोस. वेळेत सापडलं, असं बाई म्हणाल्या. हिलाही गोळी सुरू झाली आणि आकडा उतरायला लागलाय. माझाही बरा आहे, आणि या वेळी तो माझाच आहे. मीठ दोघांचं कमी केलंय, त्यामुळे जेवताना आम्ही एकमेकांच्या ताटावर पहारा देतो.

तुझा, आतून नवा आणि बाकी जुनाच,
धाकटा

ता. क. : पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस दुकान उघडायला परवानगी मिळाली. चादर मात्र आजच काढली.

ता. क. दुसरा : खरं काम हे, की तू महिनाभर ये. बाई म्हणतात, आता मोजणारं माणूस तिसरं हवं, तुम्हा दोघांचा भरवसा नाही. आणि हिला घरात एकटं सोडून दुकानात माझा हात चालणार नाही. हे हिला सांगू नकोस.

ता. क. तिसरा (पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून हे मी लिहितेय) : ताई, नमस्कार. यांना वाटतं तेव्हा मला काही कळलंच नाही. यंत्र तपासायला एकवीस दिवस लागतात का? रोज दुकानाची किल्ली पुसून परत खिळ्याला अडकवायचे, ते मला बघवेना, म्हणून दिला हात. माझंच चढलेलं असेल हे कुठे माहीत होतं? तुम्ही जरूर या, तुमच्या गुडघ्यालाही आराम पडेल. फक्त सकाळी मोजायला म्हणून उठू नका. मोजायच्या आधी पाच मिनिटं हे माझ्याशेजारी गप्प बसतात, तीस वर्षांत पहिल्यांदाच. तेवढं आमचं आम्ही मोजू.