सटाण्याची डबी

४ डिसेंबर १९३६, नाशिक

महिला मंडळाने मला पकडलं! जिल्ह्यात बायका-मुलांना कुठे कसली नशा पोखरते ते हिंडून पाहा, मग भाषण द्या. मी लगेच हो म्हटलं — भाषण म्हटलं की माझी जीभ आधी उठते. दहा महिन्यांचा बाळ भिमाबाईच्या ओटीत. तिने मलाही वाढवलंय, मग काळजी कसली? हे नुसते म्हणाले, "घरचं झालं थोडं..." पुढचं व्याह्याचं घोडं ऐकायला मी थांबलेच नाही.

७ डिसेंबर

सटाण्याहून आले. मोटारीच्या धुळीने आम्ही विदुषीबाई पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारख्या!

बांधावर तान्ही पोरं निजलेली, आया कांद्याची रोपं लावतायत. त्यातल्या बायडाबाईने करंगळीच्या नखावर अफूचा कण घेतला नि पोराच्या तोंडात घातला. मी ओरडलेच. ती म्हणाली, "पोऱ्या रडस, मंग कांदा कोन लावी, ताई?" मी वही काढून इंग्रजीत टिपण केलं!

एक पोर हलवलं तरी जागं होईना.

बायडाबाईची अफूची डबी मागून आणली. भाषणात दाखवायला.

९ डिसेंबर

इगतपुरी. इथे सगळं उलटंच! इंजिनावरचा नाथा म्हणाला, "रातपाळीला काळा चहा लय लागतो, ताई. मग घरी गेलं तरी डोळा लागत नाय." सटाण्यात पोरं जागी होईनात, इथे बाप झोपेनात. मी चहाच्या दुष्परिणामांवर बोलले. घसा सुकला म्हणून मध्ये दोनदा चहा घेतला.

१० डिसेंबर

भाषणाची तालीम. नखावर कण घेऊन दाखवायची कृती तर अशी झकास! श्रोते दोन — भिमाबाई, आणि दात येतायत म्हणून भोकाड पसरलेला बाळ. भिमाबाईने विचारलं, "तिकडची पोरं खरंच रडत नाहीत?" मी ठणकावलं, "अजिबात नाही!" डबी फळीवर ठेवली.

१३ डिसेंबर

बाळ एकदम शहाणा झालाय. रडणं बंद! माझ्या वक्तृत्वाचा गुण, दुसरं काय.

१५ डिसेंबर

भाषण झालं. टाळ्याच टाळ्या! "आपल्या नाशकात ही चाल नाही, हे आपलं भाग्य," असं म्हणत डबी उघडली — आत जेमतेम तळाला चिकटलेलं! मी म्हटलं, "आमच्या उंदरांनाही झोप हवी असेल." बायका पोट धरून हसल्या. मीही.

१६ डिसेंबर

सकाळी बाळ उठेना. डॉक्टर येईपर्यंत माझ्यात जीव नव्हता. भिमाबाई कपाळ बडवत होती, "तूच तर दाखवलंस गं! मी त्याहून कमीच देत होते."

आत्ता कुठे रडला. रड रे राजा. चांगला मोठ्याने रड!