शेवटी सोबत कोण होतं?

४ नोव्हेंबर २०२४
शेगावला उतरून गरम कचोरी खाल्ली आणि पिंपळगाव राजाच्या पुढच्या या गावात पोचले. राहायला मिळालेली सिंधूताईंकडची खोली स्वच्छ आहे, खिडकीबाहेर फुटलेली कपाशी. काम मनासारखं: वारलेल्या प्रौढांची घरोघरी चौकशी करायची, लक्षणांवरून मृत्यूचं कारण नोंदवायचं. अखेरपर्यंत ज्याने सेवा केली, माहिती त्यानेच द्यायची, असा नियम आहे. मी पोळ्या मोजून खाते म्हणून ताई हसल्या. नाशिकची माणसं फॉर्म भरून जेवतात का, म्हणाल्या.

७ नोव्हेंबर
ताईंचे पती सहदेव ऑगस्टमध्ये गेले. आज ताईंनी माहिती दिली. पहिल्या दिवशी मिठाची चव गेली, दुसऱ्या दिवशी बोटं बधिर झाली, तिसऱ्या दिवशी ‘दार लावा’ म्हणत गेले. ताप नव्हता.

९ नोव्हेंबर
गावातले जुने फॉर्म तारखेने लावून पाहिले. सहदेवांनी भाऊ भागवतची माहिती दिली होती. भागवतने आईची, चांगुणाबाईंची. अशी साखळी अकरा फॉर्म मागे जाते. दर वेळी विचारणारा नवा. कारणं वेगवेगळी: हृदय, मेंदू, वार्धक्य. लक्षणं मात्र तीच, क्रमही तोच. प्रत्येक सांगणारा माहिती दिल्यापासून नवव्या दिवशी गेलेला. योगायोगाला अकरा हा आकडा मोठा आहे.

१२ नोव्हेंबर
ताईंनी माहिती दिलेला सहदेवांचा फॉर्म फाडून टाकला. त्यांना सगळं सांगितलं. “काऊन भेऊन राह्यली वो पोरी?” त्या म्हणाल्या. “सांगतलं तं मले हलकं वाटलं.”

१४ नोव्हेंबर
ताईंनी वरणात तीनदा मीठ घातलं. मला ते गिळवेना. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही.

१५ नोव्हेंबर
ताईंना कप धरता येत नाही. मीच भरवते. शेजारच्या रुखमाबाई उंबऱ्यावरूनच परतल्या. सेवा करणाऱ्यालाच विचारतात, म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर
दार लावा म्हणाल्या. दार लावलेलंच होतं. ताई गेल्या — जवळ मी एकटी.

१९ नोव्हेंबर
ऑफिसचा फोन. ताईंच्या मृत्यूचा फॉर्म मागतात. मी नकार दिला. एक शब्दही कुणाला सांगणार नाही —

२० नोव्हेंबर
मागची पानं वाचली. मीठ, कप, दार. तारखांसकट. सोळा तारखेलाच मी सगळं या वहीला सांगून —

२३ नोव्हेंबर
लोणचं. नुसतं मीठ. काही लागत नाही.

२४ नोव्हेंबर
पेन मुठीत धरून — मनाली, माझी बहीण, नाशिकहून निघाली आहे. सेवेला. येऊ नको म्हटलं, ऐकत नाही. नंतर तिलाच विचारतील. तिला ही वही मिळता कामा नये — जाळते आहे. काडीपेटी उघडली. काडी बोटांत —