निवटीच्या अंड्यांबाबत, एकतीस मार्चपर्यंत

रेवदंडा,
रविवार, २२ मार्च

ती. दत्तामामांस,

क्षिप्राचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणूनही तुम्ही गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जाता, असं गोदामामीने कळवलं आहे. तिलाही नमस्कार. आमचा वरद उद्या नारळ घेऊन तुमच्याकडे पुण्याला यायचाय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही पलीकडून 'बोल' म्हणालात की माझी पुन्हा बारा वर्षांची भाची होते आणि मी उकाड्याबद्दल बोलून फोन ठेवते. इकडे सगळं ठीक. म्हणजे वाडीतलं ठीक, माझं नाही.

आपला खाडीकोश बंद पडतोय. चार वर्षांपूर्वी तुमच्या हस्ते सुरू झाला तेव्हा केवढ्या हौसेने मी भाषण केलं होतं. रायगडच्या खाड्यांतल्या जिवांवर संशोधन करणाऱ्या सगळ्यांनी मिळून लिहायचा विकी, कोणीही पान लिहावं, कोणीही दुसऱ्याचं पान सुधारावं. नारळ तुम्ही फोडलात आणि पहिलं पानही तुम्हीच लिहिलंत, चिखलावर टुणटुण उड्या मारणाऱ्या आपल्या निवटी माशावर. (नारळाचं पाणी आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्रज्योतने कीबोर्डवर सांडलं, तो कीबोर्ड तेव्हापासून 'ळ' उमटवत नाही.) आज कोशात जिवांवरची तीनशे बारा पानं आहेत. त्यातली दोनशे एक्क्याऐंशी मी लिहिलीत. आता मुंबईच्या ज्या संस्थेने आपल्याला सर्व्हर दिलाय, तिचं पत्र आलंय, की पुढच्या पाच वर्षांच्या वाढीचा आराखडा द्या आणि एकतीस मार्चपर्यंत किमान पंचवीस जणांनी दुसऱ्या कोणाचं तरी पान सुधारल्याचं दाखवा, नाहीतर कोश पुसून टाकू. आजवर असं सुधारणारा माणूस एकच आहे, प्रज्योत, आणि तोही फक्त स्वल्पविराम हलवतो.

आराखड्यात वाढीचा आलेख हवा होता. वीस वर्षं मी मुलांना जिवाणूंच्या वाढीचा आलेख शिकवते आहे, आधी काही काळ नुसतं बसून राहणं आणि मग भराभर वाढ. मी तोच काढला आणि आपली चार वर्षं बसून राहण्याच्या भागात दाखवली. संस्थेच्या किशोरीताईंनी (त्या जीवशास्त्रातल्या नाहीत, व्यवस्थापनातल्या आहेत, पण हुशार आहेत, हीच पंचाईत) विचारलं, की जिवाणू चार वर्षं असे बसून राहिले तर तुम्ही प्रयोगशाळेत काय करता? मामा, नळी धुऊन ठेवतो. मी तसं कळवलं नाही, पण त्यांना ते समजलेलं आहे.

मग माणसं वाढवावीत म्हणून मी माणगावला कार्यशाळा घेतली. जिल्हाभरातून चौसष्ट प्राध्यापक आले. जेवण उत्तम झालं, श्रीखंड दोनदा फिरलं, आणि चौसष्टच्या चौसष्ट जणांनी तिथल्या तिथे खाती उघडून एकेक पान लिहिलं. मला अगदी भरून आलं. घरी येऊन बघते तर प्रत्येकाने स्वतःवर लिहिलेलं. जन्मगाव, पदव्या, भूषवलेली पदं, पासपोर्टचा फोटो. (एकाने छंदही दिलेत.) प्रज्योतने वैतागून ती सगळी पानं 'सस्तन प्राणी' या वर्गात टाकली. त्यावर तक्रार एकच आली, माणगावच्या दिपाली मॅडमची, की त्यांच्या आडनावात वेलांटी चुकली आहे. पान त्यांनीच लिहिलेलं, चूकही त्यांचीच. तुम्हीच बदला, असं मी त्यांना तीनदा सांगितलं, तर त्यांनी प्राचार्यांच्या सहीचा अर्ज पाठवला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या लोकांना चुका दिसत नाहीत असं नाही, चांगल्या दिसतात. मला रोज फोन येतात. खारफुटीवर पीएच.डी. करणारा अनंता तर आठवड्यातून दोनदा करतो, मॅडम, अमुक पान जरा तपासून बघाल का, म्हणजे चूक आहे असं माझं म्हणणं नाही. अरे मग तूच सुधार की, म्हटलं, तर म्हणतो, सरांनी लिहिलंय, बरं नाही दिसत. अशा दोनशे अकरा चुका मी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. आणि प्रत्येक पानाखाली, जिथे चर्चा व्हायची, तिथे 'खूप छान माहिती सर' आणि जोडलेले हात. ते हात जोडलेलेच राहतात, टाइप करायला मोकळे होत नाहीत. वाढीचा आराखडा करायचा तर मला आधी पंचवीस उद्धट माणसं पाहिजेत, आणि आपल्याकडची तशी माणसं जीवशास्त्राकडे वळत नाहीत, कंटेनरच्या धंद्यात न्हावा शेव्याला जातात.

तर असं आहे. चार वर्षांचे सगळे रविवार मी यात घातले. लग्नं चुकवली, बारशी चुकवली, कंबर तर खुर्चीत बसूनच गेली. आता नऊ दिवसांनी ते सगळं पुसलं जाणार आणि कोणाला पत्ताही लागायचा नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कधीकधी रडतेसुद्धा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्रकृतीला जपा, जिना चढू नका. उत्तराची मुळीच घाई नाही.

तुमची,
क्षिप्रा

ता. क. घाई आहे. निवटीच्या पानावर तुम्ही लिहिलंय की मादी उघड्या पाण्यात अंडी सोडते. तसं नाही, मामा. ती चिखलातल्या बिळात, आतल्या छताला अंडी चिकटवते. हे अनंताला माहीत आहे, दिपाली मॅडमना माहीत आहे, आणि तुमच्या पानाखाली त्रेचाळीस वेळा 'खूप छान माहिती सर' लिहिलेलं आहे, त्यातलं एक माझं. अकरा वेळा मी ते वाक्य बदलायला बसले आणि अकरा वेळा उठले. बेडकाचं काळीज मला पहिल्यांदा तुम्ही दाखवलंत, हात होत नाही. तेव्हा तुम्हीच ते तुमच्या हाताने सुधारा, म्हणजे बाकीच्यांची भीड मोडेल. एवढंच मागायचं होतं, वरचा मजकूर माझी स्वतःची भीड चेपायला लिहिला.

ता. क. २ (दुपारी चार वाजता). वरची विनंती रद्द. सोनूबाई मासळी घेऊन आली होती. (तीस वर्षं ती बिळात हात घालून निवट्या काढते आहे.) मी सहज तिला तुमचं पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुजे मामानी बिलान हात घातलाय का कवा?" आणि स्वतःचा फोन काढला. कुठे दाबायचं तेवढं मी दाखवलं, माझा गुन्हा एवढाच. फोनला तोंडी सांगून तिने तुमचं वाक्य बदललं. सतराव्या मिनिटाला ते पुन्हा जसंच्या तसं, खाली तुमचं नाव, आणि कारण, 'संदर्भ नाही'. तुम्हाला हे येतं, हेच मला ठाऊक नव्हतं. सोनूबाईने परत बदललं, 'संदर्भ माजा हात'. तुम्ही परत फिरवलंत, 'हात प्रकाशित आहे का?' हे तुम्ही लिहायला नको होतं. ते वाचून अनंता 'क्षमस्व सर' असं लिहून मैदानात उतरला. दिपाली मॅडम तुमच्या बाजूने उतरल्या, अर्जाशिवाय. मग त्यांच्या विरुद्ध त्यांच्याच कॉलेजातले तिघे.

ता. क. ३. प्रज्योतने आत्ता मोजून सांगितलं, प्रज्योत धरून अकरा माणसं झाली. एका दुपारी अकरा. आणि मामीचा फोन आला, की तुम्ही कपाटातून जुनं पुस्तक काढून बघितलंत आणि आता चूक कबूल करायला चष्मा शोधता आहात. म्हणून पत्राच्या या पानाचा फोटो काढून तिच्या फोनवर पाठवतेय, वरद पोचेपर्यंत तुम्ही सगळं मान्य करून मोकळे व्हाल. मामा, तुम्ही चुकलायत. पण चुकलो म्हणायला नऊ दिवस थांबा, अजून तेरा माणसं लागतील. बारावी मी. आत्ताच तुमचं वाक्य पुसून आले. लगेच परत घाला.